बिनकानाचं गवत

गहू पोटरीत आला, पानाच्या गाभ्यात ओंबी धरायला लागली, तसं संस्कृतीचं घरातल्या कशातच लक्ष राहिलं नाही. भाकरी तव्यावर टाकायची, आठवण झाली की उठून दोन एकरांच्या प्लॉटात एक फेरी मारून यायची, तोवर भाकरी करपलेली असायची. सासू बजाबाई ती करपलेली भाकरी उचलून म्हशीपुढं टाकायची आणि म्हणायची, "खा बाई, खा. आमच्या सूनबाईचा गहू पास व्हयाचाय." बजाबाईला कमी ऐकू येत होतं. त्यामुळं ती म्हशीशी जे बोलायची ते शेजारच्या वस्तीलाही कळायचं.

हा गहू खायचा नव्हता, बियाण्याचा होता. संस्कृतीनं लग्नाआधी शेतकीची पदविका केली होती आणि नातेपुत्याकडच्या माहेरात असे बियाण्याचे प्लॉट बघितले होते. सोलापुरात कारखान्यामागच्या एका खोलीत नवऱ्यासोबत तीन महिने काढल्यावर, समोरच्या भिंतीकडं बघून बघून तिचं डोकं उठलं. आदिनाथला तिथंच सोडून ती गावी आली ती परत गेलीच नाही. सासरा रावजी बिराजदार तसा वाईट माणूस नव्हता, पण शब्दाचा कडक. त्यानं साफ सांगितलं होतं, "एक हंगाम देतो. दोन एकर. तपासनीला पास झाला तर पुढल्या साली सहाच्या सहा एकर तुझ्या हाती. न्हाय झाला तर रान शिवशरणला वाट्यानं लावतो, आन तू आपली आदिनाथाकडं जाऊन ऱ्हा."

तपासणी शनिवारी होती. आज मंगळवार. आणि गव्हात गवत होतं.

साधं गवत असतं तर कुणी भ्यालं नसतं. हे परमुलखातलं, एका हंगामात उगवून, बी सांडून मरणारं, आणि तोवर हुबेहूब गव्हासारखं दिसणारं. दोन वर्षांमागं गहू काढायला पंजाबकडचं मशीन आलं होतं, त्याच्या पोटातून हे बी रानात सांडलं असं रावजीचं मत होतं. सरकारी कागदावर त्याचं नाव होतं गुल्लीदंडा. गव्हाच्या दहा हजार ताटांत गवताची दोनापेक्षा जास्त सापडली की प्लॉट नापास. ओंबी बाहेर पडली की आंधळ्यालाही ओळखू येतं, पण तोवर तपासणी दारात. ओळखायचं ते आत्ताच, पोटरीत असताना, आणि तिथंच घोडं अडलं होतं. संस्कृतीनं वहीत आकृती काढून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. रानात उभी राहिली की तिला सगळाच गहू वाटायचा, आणि जरा टक लावून बघितलं की सगळंच गवत वाटायचं.

कुंभारीहून टमटम आली. आठ बाया उतरल्या. टोळीची म्होरकी शमशाद. हयातभर बिड्या वळलेली बाई. आता पानाचं काम कमी मिळतं म्हणून तिनं आठजणींची खुरपणीची टोळी बांधली होती. नवरा लालसाब टमटम चालवायचा. सून फिरदोस टोळीतच, आणि जिभेनं सगळ्यांत तिखट.

संस्कृतीनं बायांना बांधावर बसवलं आणि शाळेतल्या बाईसारखी दोन ताटं हातात धरून उभी राहिली. बजाबाई लिंबाखाली वैरणीच्या पेंढ्या सोडत होती.

"तुमाला ठावं नसंल, ह्ये बाहेरदेशचं गवत हाय," संस्कृती म्हणाली.

"असंल बाई," शमशाद म्हणाली आणि तोंडातली मिसरी बाजूला थुंकली.

"हे बघा. गव्हाचं पान खोडापासून सुटतं की न्हाय, तितं दोन बारके कान असत्यात. खोडाला कवळा घातल्यावानी. दिसले?"

"दिसले की."

"गवताला ह्ये कान नसत्यात. आन हितं आतल्या बाजूला पांढरा पडदा असतो. त्याला जीभ म्हनत्यात. गव्हाची आखूड, गवताची लांब."

फिरदोसनं ताट हातात घेऊन उलटसुलट केलं. "कान न्हाईत आन जीभ लांब? अगे मा, मंजी सासूच की!"

शमशादनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला, पण हसली तीही. मग बायांच्या नजरा आपोआप लिंबाखाली गेल्या आणि हसू दुप्पट झालं. संस्कृतीनं ओठ दाबून धरले होते. ते सुटले. तीही हसली.

"काय म्हनली गं ती?" बजाबाईनं लांबूनच ओरडून विचारलं.

कुणीच सांगितलं नाही. बजाबाईनं एकेकीच्या तोंडाकडं बघितलं, सुनेच्या तोंडाकडं जरा जास्त वेळ बघितलं, आणि पुन्हा पेंढ्या सोडायला लागली.

काम सुरू झालं. बाया ओळीनं सऱ्यांत बसल्या. पहाटेच्या पाण्यानं काळी माती लोण्यासारखी झाली होती. पायाला पिशवीएवढा चिखल चिकटत होता. संस्कृती एका बाईच्या पाठीमागून दुसरीच्या पाठीमागं फिरत होती. "कान बघा. कान बघून उपटा." दुपारपर्यंत बांधावर कमरेएवढा ढीग पडला आणि तिला जरा बरं वाटलं.

रावजी जेवायच्या वेळेला विहिरीवरची मोटार बंद करून आला. ढिगापाशी थांबला. एक ताट उचललं, पोटरी अंगठ्यानं उकलली. आत ओली, हिरवी ओंबी होती. बारीक कुसळं एकमेकांना चिकटलेली. दुसरं उकललं. तिसरं उकललं. तिन्ही ओंब्या त्यानं तळहातावर मांडल्या आणि हात सुनेपुढं धरला.

"ह्यो काय हाय?"

संस्कृतीनं त्याच्या तळहातावरची एक ओंबी उचलली. "गहू."

"मला वाटलं गवत. मी आपला अडानी मानूस."

"तुमीच म्हनला की कान बघा," फिरदोस लांबून म्हणाली. "आमी बघितलं. नव्हते."

संस्कृतीनं ढिगातली ताटं चिवडली. बाया बसून काम करतात, त्यांच्या नजरेला पडतं ते बुडाजवळचं पान. त्या पानावरचे कान केव्हाच वाळून झडलेले. कान बघायचे ते वरच्या ताज्या पानावर, हे तिनं सांगितलंच नव्हतं. वहीतल्या आकृतीत एकच पान होतं, आणि ते कायम ताजं होतं.

"सोमवारी शिवशरण येनार हाय रानाचं इचारायला," एवढं बोलून रावजी हात झटकून घराकडं गेला. बायांसमोर त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुपारनंतर तिनं कान बघायला सांगणं सोडलं. बाया आपल्या मनानं काय ते उपटत राहिल्या आणि ती प्लॉटाच्या कडेकडेनं नुसती चकरा मारत राहिली. एका जागी उभं राहणं तिला जमेना. बसलं की वाटायचं तिकडच्या कोपऱ्यात जास्त आहे, तिकडं गेलं की वाटायचं इकडं राहिलंय.

उन्हं उतरल्यावर बायांनी आपापले भारे बांधले. खुरपणीत निघालेलं गवत बायांचं, हा सगळीकडचा रिवाज. बांधावरच्या गव्हाच्या ढिगाला कुणी हात लावला नाही, तो रावजीनं म्हशीला ठेवून घेतला होता. टमटमच्या टपावर भारे चढत होते. संस्कृतीला एकदम शंका आली. सकाळी एवढा गहू उपटला, मग ह्या भाऱ्यांतून किती चाललाय?

"चाची, जरा थांबा," म्हणत तिनं शमशादच्या भाऱ्यातून मूठभर ताटं ओढली. वरचं पान बघितलं. कान नव्हते. जीभ लांब, पांढरी. दुसरं ताट, तेच. तिनं दहा बघितली, वीस बघितली. भाऱ्याच्या पोटात हात घालून आतली काढली. गव्हाचं एकसुद्धा ताट नव्हतं.

ती तशीच हातात गवत धरून उभी राहिली.

"तुमाला वळखू येतंय," ती म्हणाली.

शमशादनं भाऱ्याचा कासरा आवळला. "शेळीला येतंय. मी शेळीचं बघून शिकले. गहू दिला तर हुंगून सोडती, ह्ये दिलं की बूडसुदीक खाती. दोन सालं झाली, कुंभारीच्या अंगाला समद्या गव्हात हायच ह्ये."

"मग सकाळी बोलला का न्हाईत?"

"तू इचारलंस कुटं? तू तर सांगत हुतीस."

लाजेनं संस्कृतीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तरी तिनं नेटानं विचारलं, "दुपारनं तुमी बरुबर उपटलं. मग समदं निघालं का?"

शमशादनं टमटमकडं बघितलं, लालसाबकडं बघितलं. मग खरं ते सांगून टाकलं. "मोठं निघालं. धाकलं ठेवलंय. आज समदं उपटलं तर परवा काय न्हेऊ? चार शेळ्या हायती. कुंभारीत घराम्होरं सिमेंट हाय समदं, गवताची काडी न्हाय. आमी असंच करतो बाई, कुनाच्याबी रानात."

म्हणजे गव्हाच्या बुडाशी अजून हजारो ताटं होती, राखून ठेवलेली, शेळ्यांच्या हिशेबानं. संस्कृतीला रडू यायचं ते हसू आलं. तिला त्या बाईचा राग येत होता आणि राग करायला जागाही सापडत नव्हती.

"तीन दिसांत धाकलंबी काढायचं. एक ठेवायचं न्हाय. त्या बदली शेळ्यांना मी वैरन देते."

"कुटली?"

संस्कृतीनं विहिरीकडं बोट केलं. तिथं कडवळाचे सहा वाफे होते, मांडीएवढी हिरवीगार ज्वारी. बजाबाईच्या म्हशीची.

"बजाक्का देईल?" शमशादनं विचारलं.

"देतील," संस्कृती म्हणाली आणि गोठ्याकडं निघाली.

बजाबाई धार काढून गोठ्याबाहेर येत होती. संस्कृती तिच्या उजव्या कानाशी गेली, तो त्यातल्या त्यात बरा होता. "आत्या, दोन वाफे कडवळ पायजे. शमशादचाचीला."

"काय?"

"कडवळ! दोन वाफे!"

बजाबाईनं चरवी खाली ठेवली. "सकाळी हसलीस कशाला, त्ये सांग आदी."

"कवा?"

"तुला ठावं हाय कवा. मला ऐकू येत न्हाय, दिसतंय चांगलं."

संस्कृतीनं इकडं तिकडं बघितलं. रावजी ओट्यावर बिडी ओढत होता. शेजारची सून पाण्याला आली होती. टमटम अजून रस्त्यावर उभी होती. ती कानाशी वाकून हळू म्हणाली, पण हळू बोलून उपयोग नव्हता. "मोट्यानं," बजाबाई म्हणाली. तिनं पुन्हा सांगितलं. "आनिक मोट्यानं." शेवटी संस्कृतीनं डोळे मिटले आणि ओरडली, "कान न्हाईत आन जीभ लांब! मंजी सासू!"

टमटममधल्या बाया माना बाहेर काढून बघायला लागल्या. शेजारच्या सुनेची कळशी भरून वाहायला लागली तरी तिनं ती हलवली नाही.

बजाबाई म्हणाली, "खोटं काय हाय त्यात?" आणि चरवी उचलली. "दोन वाफे दे. विहिरीकडचे न्हाय, अलीकडचे. आन मला सांगितल्याबिगर हसायचं न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून टोळी शमशादच्या पद्धतीनं बसली. उन्हाकडं तोंड करून बसायचं, म्हणजे गवताचा फिका पोपटी रंग गव्हाच्या गडद रंगात उठून दिसतो. पान बघतच बसायचं नाही. हात खाली घालायचा, मातीजवळ, बुडाशी. गव्हाचं बूड पांढरट, गवताचं तांबूस. शंका आली तर अंगठ्याच्या नखानं दाबायचं. तांबडं पाणी आलं की गवत.

"वरनं बघू नगं. वरनं समदं गहूच दिसतंय," शमशाद म्हणायची.

संस्कृती तिच्या शेजारच्या सरीत बसली. बोटं गारठून बधिर व्हायची, नखाखाली माती जाऊन दुखायचं. शमशादचा हात गव्हात शिरायचा आणि काहीही न बघता बरोबर तेच घेऊन बाहेर यायचा. आयुष्यभर बिडीच्या पानाची शीर चाचपलेली बोटं ती. संस्कृतीला दहात एक तरी चुकायचंच. चुकलं की शमशाद तिच्या हातातून ताट काढून घ्यायची, बुडाला नख लावायची, आणि पांढरं पाणी तिच्यापुढं धरायची. संध्याकाळी संस्कृतीला कंबर सरळ करता येत नव्हती. बसून जेवताही येईना. आदिनाथचा फोन आला तर ती अंगणात फेऱ्या मारत बोलली, आणि गवताशिवाय दुसरं काही बोलली नाही.

रावजी रोज दोनदा बांधावर येऊन उभा राहायचा. कडवळाचा पहिला वाफा गुरुवारी संपला, दुसरा शुक्रवारी अर्धा झाला.

शनिवारी तपासणीचे साहेब मोटरसायकलवर आले. गव्हाच्या ओंब्या नुकत्याच डोकं काढत होत्या. साहेबांनी पँट वर दुमडली आणि नागमोडी चालीनं प्लॉटात शिरले. दहा ठिकाणी थांबले, प्रत्येक ठिकाणी खाली बसून ताटं मोजली. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत संस्कृती मागं मागं. शमशाद आणि बाया शेजारच्या हरभऱ्यात खुरपत होत्या, पण खुरपी चालत होती ती नुसती आवाजापुरती.

दहाव्या ठिकाणाहून साहेब उठले. त्यांच्या हातात एक गवत होतं.

"सगळ्या प्लॉटात मिळून हे एक," साहेब म्हणाले. "या वर्षी असा प्लॉट मी पाहिला नाही. ओंबी यायच्या आत ओळखलं कुणी हे? आमची सुद्धा पंचाईत होते यात."

संस्कृतीनं तोंड उघडायच्या आत रावजी बोलला. "आमच्या सुनंनं. शिकल्याली हाय. तिनंच वळखलं समदं."

हे ऐकायला ती दीड वर्ष थांबली होती. हाच माणूस, ह्याच तोंडानं, परक्या माणसासमोर. तिच्या अंगभर काहीतरी गोड पसरलं. हरभऱ्यातून शमशादनं मान वर केली होती, हे तिला दिसलं. दिसूनही ती खाली मान घालून पदराचा काठ चाचपत राहिली. साहेबांना तो विनय वाटला. ती चोरी होती, आणि ते तिला तेव्हाच कळत होतं.

साहेबांनी बांधावर फॉर्म ठेवला आणि शेऱ्यात लिहिलं, भेसळ काढणी समाधानकारक, सौ. संस्कृती आदिनाथ बिराजदार. सह्या झाल्या. साहेब हात धुवायला विहिरीकडं गेले.

"मामा," संस्कृती म्हणाली, "मी न्हाय वळखलं. शमशादचाचीनं वळखलं."

"ठावं हाय मला." रावजी हरभऱ्याकडं बघत म्हणाला. "तीन दीस बांधावर काय वारं खायाला उभा हुतो व्हय? तुझ्या हातातनं ती दर घडीला गहू काढून घेत हुती."

"मग असं का सांगितलं?"

"हापिसराम्होरं कामाच्या बाईचं नाव सांगू? मग घरानं काय केलं म्हनायचं?" त्यानं टोपी सारखी केली. "रान तुझंच पुढल्या साली. बोललो त्ये बोललो. तिला मी आनिक एक वाफा देतो. गप ऱ्हाईल."

म्हणजे तो विश्वास नव्हताच. घराची लाज राखायला त्यानं तिचं नाव पुढं केलं होतं, दुसरं कुठलंही केलं असतं. आणि एवढ्यासाठी ती गप्प बसली होती. संस्कृतीला आतून इतकं हलकं, इतकं फालतू वाटलं की तिला तिथं उभं राहवेना. ती विहिरीकडं पळत सुटली.

साहेब मोटरसायकलला किक मारत होते.

"साहेब, शेऱ्यातलं नाव बदला. ते काम माझं न्हाय. तिकडं खुरपतायत की, त्या बाईंचं हाय."

साहेब हसले. "तीन प्रती निघाल्यात ताई, खाडाखोड केली तर फॉर्मच रद्द होतो. पण कापणीआधी दुसरी पाहणी आहे, त्या शेऱ्यात घालू. नाव सांगा, डायरीत घेतो." त्यांनी खिशातून डायरी काढली, पेनाचं टोपण दातात धरलं.

"शमशाद."

"शमशाद काय?"

"शमशाद लालसाब..."

"आडनाव?"

गाडीचं इंजिन चालू होतं. पेन कागदावर टेकलेलं होतं. तीन दिवस ती त्या बाईच्या मांडीला मांडी लावून बसली होती. तिच्या शेळ्या किती ते माहीत होतं, तिचा गुडघा कुठला दुखतो ते माहीत होतं.

"विचारून ठेवा," साहेबांनी डायरी बंद केली. "कागदाला पूर्ण नाव लागतं." आणि ते गेले.

ती बांधाबांधानं परत आली. रावजी हरभऱ्यातून घराकडं वळला होता. बाया उठून पदर झटकत होत्या. शमशाद कोयता घेऊन उभी होती.

"चाची, तुमचं पूर्न नाव काय?"

"कशाला?"

"पुढल्या टायमाला कागदावर लिवायचंय. साहेबांना मी खरं सांगितलं."

शमशादनं तिच्याकडं बघितलं. नजरेत राग नव्हता, आणि माया होती असंही म्हणता येणार नाही. "आत्ताच रावजी अन्ना बोलून गेले. आनिक एक वाफा न्हे म्हनले, आन बोलू नगं म्हनले. मी व्हय म्हनले."

"पन तुमी कशाला व्हय म्हनला? नाव तुमचं हाय की."

"शेळ्याबी माज्याच हायती. वाफा घेतला, आता नाव कसं सांगू? दोन्ही कोन देतंय व्हय, सूनबाई?" ती वळली. "चल गे फिरदोस, कडवळ तोडू."

फिरदोस एकदा संस्कृतीकडं बघून सासूच्या मागं गेली. थोड्या वेळानं विहिरीकडून कडवळ तोडल्याचा कराकरा आवाज यायला लागला. संस्कृती बांधावर उभी होती. पुढच्या सालचं सहा एकर रान तिच्यासमोर पसरलं होतं, आणि त्या बाईचं आडनाव तिला अजून माहीत नव्हतं.